कसाऱ्याचा चढ, गोव्याची सपाटी आणि डोक्यावरचे शिरस्त्राण

आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके मागे टाकून लोकलगाडी कसाऱ्यास येऊन थांबते, तेव्हा मुंबईचा अंमल संपून सह्याद्रीचा सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटातून, म्हणजेच कसारा घाटातून, आगगाडीची वाहतूक सुरू झाली, त्यापूर्वी त्या काळच्या अभियंत्यांना येथे साडेनऊ मैलांच्या आत ९७२ फुटांची उंची गाठावी लागली. सदतीस फुटांस एक फूट हा त्या मार्गाचा चढ आजही कायम आहे, आणि जड मालगाडी इगतपुरीस पोहोचती करण्यासाठी तिला मागून रेटा देणारी ‘बँकर’ इंजिने आजही जोडावी लागतात. त्या लोहमार्गाची सोबत करीत मुंबई–नाशिक महामार्गही डोंगर चढतो, आणि त्या महामार्गावर सुटीच्या दिवशी, उजाडता उजाडता, ठाणे-कल्याणकडून आलेले सायकलस्वार पहिल्या गिअरमध्ये धापा टाकणाऱ्या मालट्रकांच्या कडेने, त्यांच्याइतक्याच धापा टाकीत, वर जाताना दिसतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून मोटारी हाच डोंगर काही मिनिटांत ओलांडू लागल्या. परंतु त्या रस्त्यावर सायकलीस मज्जाव असल्यामुळे, सायकलस्वाराच्या वाट्यास घाट होता तो तसाच राहिला.

या सायकलस्वारांपैकी काहींचे लक्ष घाटमाथ्यावर नसून गोव्यावर असते. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही कर्मे विश्रांतीवाचून एकापाठोपाठ एक उरकावयाची, असा जो ट्रायथलॉन नावाचा क्रीडाप्रकार, त्याची ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील हौशी स्पर्धकांना परदेशवारीचा खर्च सोसल्यावाचून या परीक्षेस बसण्याची सोय झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव, असा तिचा मामला असतो. तत्पूर्वी ही हौस दूरदेशी जाऊनच भागवावी लागे: मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे याच्या दुप्पट पल्ल्याची शर्यत पुरी केली तेव्हा वृत्तपत्रांनी तिचा गाजावाजा केला, पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तशा शर्यतींचा जणू नित्यक्रमच आरंभिला, आणि नाशिकचे तत्कालीन पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल यांनी २०१८ साली फ्रान्समध्ये तो मान मिळविला. त्याच नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र या महाजन डॉक्टरबंधूंनी तर २०१५ साली अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची सायकलशर्यत दोघांच्या संघाने पार पाडली होती. तात्पर्य, घाटाच्या वरच्या अंगास काय अन् खालच्या अंगास काय, सायकलीचे वेड आता या मुलखास नवे राहिलेले नाही. आणि वेड लागले की साहित्याची निवड हा प्रश्न ओघानेच आला. हल्ली त्यात वारंवार विचारला जाणारा प्रश्न म्हणजे वाऱ्यास कमीत कमी अडविणारे, ज्यास सायकलस्वार सुटसुटीतपणे ‘एअरो हेल्मेट’ म्हणतात, ते घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यावयाचे तर कोणते.

या प्रश्नाचा निकाल लावण्यापूर्वी वाऱ्याचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की वाऱ्यापायी खर्ची पडणारी शक्ती आठपट होते. समजा, स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन आहे आणि स्वार बऱ्यापैकी वाकून बसला आहे. वीस फुटांस एक फूट अशा चढावर तो ताशी १२ किलोमीटर वेगाने चढत असेल, तर गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात त्याचे सुमारे १३० वॅट जातात आणि वाऱ्याच्या वाट्यास जेमतेम सहा-सात वॅट येतात. तोच स्वार समुद्रकाठच्या सपाटीवर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाऊ लागला, की वाऱ्याची मागणी १७० वॅटवर जाते आणि टायरांच्या घर्षणास तिच्या पाव हिश्श्याइतकेही मिळत नाही. कसारा घाटात ज्याचे चालत नाही तो वारा गोव्याच्या रस्त्यावर सर्वाधिकारी होऊन बसतो. त्यातच सायकलच्या झुंडशर्यतीत दुसऱ्याच्या पाठीमागे दडून वारा चुकविण्याची जी मुभा असते ती या शर्यतीत नाही. पुढील स्वारापासून १२ मीटरांचे अंतर राखावयाचे, नाहीतर दंड भोगावयाचा, असा दस्तूर असल्यामुळे प्रत्येकास आपला वारा आपणच कापावा लागतो.

आता या वाऱ्यापैकी शिरस्त्राणाचा हिस्सा किती? चांगले एअरो हेल्मेट आणि नेहमीचे भोकाभोकांचे हेल्मेट यांच्यातील फरकामुळे एकूण हवाविरोधात दोन टक्क्यांची बचत झाली असे धरून चालू. जाहिराती याहून मोठे आकडे सांगतात, पण जाहिरातीतील डोके हे नेहमी स्थिर असते. या दोन टक्क्यांनी, ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या स्वाराचे ९० किलोमीटरांत साधारण एक मिनिट वाचते. गंमत अशी, की ताशी ३० किलोमीटरांनी जाणाऱ्या मंद स्वाराचे काही सेकंद त्याहूनही अधिक वाचतात, कारण वाऱ्याचा जोर कमी असला तरी तो अधिक काळ वाऱ्यात असतो. हे साहित्य केवळ विजेत्यांसाठी आहे, आपल्यासारख्या सामान्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये, हा जो समज कट्ट्यावर ऐकू येतो, तो या हिशेबापुढे टिकत नाही. परंतु दुसराही हिशेब तितकाच खरा आहे. पुढे वाकलेला स्वार मान अवघडली म्हणून, अथवा उकाडा सोसवेना म्हणून, हात आखडून ताठ बसला, की त्याचा हवाविरोध सहज पाचव्या हिश्श्याने वाढतो; आणि असे पाव तासाच्या आसपास बसणे झाले, की हेल्मेटने कमावलेले मिनिट सव्याज परत गेले. या विषयासंबंधी माझे म्हणणे काय ते एवढेच आहे: शिरस्त्राणाची पारख शर्यतीच्या पहिल्या दहा किलोमीटरांवरून न करता अखेरच्या तीस किलोमीटरांवरून करावी.

या साहित्याची कीर्ती ज्या एका दिवसाने जगभर पसरविली, त्या दिवसाची हकीगत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. २३ जुलै १९८९ रोजी ‘तूर द फ्रान्स’ या महाशर्यतीचा शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचा, २४.५ किलोमीटरांचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा होता. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी आघाडीवर होता आणि एवढ्या आखूड टप्प्यात पन्नास सेकंद भरून निघणे जाणकारांना अशक्यप्राय वाटत होते. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ट्रायथलॉनपटूंत आधीच रुळलेली, कोपर टेकवून पुढे झुकण्याची दांडी सायकलीस लावून आणि डोक्यावर लांब शेपटीचे शिरस्त्राण चढवून आला. फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने त्या टप्प्यात अठ्ठावन्न सेकंद मिळविले आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची ती शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. त्या आठ सेकंदांत दांडीचा वाटा किती, शिरस्त्राणाचा किती आणि फिन्योंच्या शेंडीचा किती, याची वाटणी करण्याचा उद्योग पुढे अनेकांनी केला. माझ्या मते दांडीचा वाटा मोठा असावा, कारण तिने धड बदलले, शिरस्त्राणाने केवळ डोके. पण शेपटीचे चित्र लोकांच्या मनात ठसले ते ठसलेच.

ही शेपटी का असते हे कळले की निवडीचे निम्मे काम झाले. वेगाने जाणाऱ्या वस्तूस पुढून हवा आपटते त्यापेक्षा, तिच्या मागे हवा वेळेवर मिटत नाही म्हणून जी कमी दाबाची खळबळ उरते, ती अधिक जाचते. म्हणून माशाचे शरीर पुढे बोथट व मागे निमुळते असते, आणि लांब शेपटीच्या हेल्मेटात हाच न्याय पाळलेला असतो. मात्र अट अशी, की ती शेपटी स्वाराच्या पाठीस टेकून, मान आणि पाठ यांमधील पोकळी भरून, एका रेषेत राहिली पाहिजे. स्वाराने थकून मान खाली घातली, रस्त्यावरचा खड्डा पाहिला, बाटलीकडे हात नेला, की ती शेपटी ताठ उभी राहते आणि जो वारा चुकवावयाचा त्यालाच आडवी येते. हवाविरोध मोजण्याच्या वाऱ्याच्या बोगद्यात पाच मिनिटे मान स्थिर धरणाऱ्या व्यावसायिकाचे ठीक आहे. आपल्या महामार्गावर, जेथे दर शंभर कदमांवर रस्त्याची विचारपूस करावी लागते, तेथे मान स्थिर ठेवण्याचा आग्रह धरणे म्हणजे हेल्मेट वाचवून डोके गमावण्यासारखे आहे. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा, १९३० च्या दशकातील मोटारींच्या आकारांतून पुढे आलेला एक सिद्धांत येथे उपयोगी पडतो: निमुळते टोक पुरते न करता मध्येच सपाट छाटले, तरी हवा बरीचशी फसते आणि लांब टोकाचा बहुतेक लाभ पदरात पडतो. आखूड शेपटीची किंवा बिनशेपटीची आजची हेल्मेटे याच तत्त्वावर घडविलेली असतात. मान वर-खाली, डावी-उजवी झाली तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. आपल्याकडील शंभरांतील नव्वद स्पर्धकांनी डोळे मिटून याच वर्गातील हेल्मेट घ्यावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

उरलेल्या दहांनी काय करावे? त्यांनी एक साधा प्रयोग करावा. सायकलवर बसून दोन तास झाल्यानंतर, म्हणजे पाठ बोलू लागल्यानंतर, एखाद्या मित्रास मोटारसायकलवर शेजारून यावयास सांगून मोबाईलवर बाजूने चित्रण करून घ्यावे, आणि घरी आल्यावर ते सावकाश पाहावे. पहिल्या अर्ध्या तासात जो मनुष्य खांद्यांत मान घालून कासवासारखा बसलेला असतो, तोच दोन तासांनी कोठे असतो, हे पाहून पुष्कळांचा शेपटीचा मोह उतरतो. ज्यांची मान तेव्हाही जागच्या जागी असेल, त्यांनी खुशाल लांब शेपटी घ्यावी. अलीकडे तर उलट दिशेनेही विचार झाला आहे: २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतील तिर्रेनो–आद्रियातिको शर्यतीत काही स्वार एवढी अवाढव्य हेल्मेटे घालून आले की पाहणाऱ्यांस हसू आवरेना, पण डोके मोठे झाले तरी त्याच्या आडोशास खांदे आले, तर एकूण विरोध घटू शकतो, हे त्यामागील शास्त्र होते. हेल्मेट एकटे मोजावयाचे नसते, ते ज्या देहावर बसले त्या देहासह मोजावयाचे असते.

आता उष्णतेचा विचार करू. आणि तोच आपल्या मुलखात सर्वांत जड आहे. माणसाचे स्नायू खाल्लेल्या अन्नातील शक्तीपैकी वीस-पंचवीस टक्केच पायडलापर्यंत पोहोचवितात. बाकीची सारी उष्णता होऊन अंगात साठते. म्हणजे दोनशे वॅट देणारा स्वार सहाशे ते आठशे वॅटची शेगडी अंगी बाळगून असतो. ही उष्णता काढून टाकण्याचे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु येथे मेख आहे ती ‘वाळला’ या शब्दात. कोकणच्या आणि गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता गळतो, आणि गळलेल्या घामाने कपडे भिजतात, अंग निवत नाही. युरोपच्या थंड, कोरड्या सकाळी ज्या हेल्मेटास चार बारीक भोके पुरतात, तेच हेल्मेट मिरामारला सूर्य वर आल्यावर डोक्याची भट्टी करते. शिवाय त्यानंतर एकवीस किलोमीटर धावावयाचे असते, ही गोष्ट सायकलच्या दुकानात कोणाच्याही ध्यानात राहत नाही. सायकलवर वाचविलेले मिनिट धावताना दहा मिनिटांच्या चालण्यात फिटते. म्हणून पुढील बाजूस मोठी भोके, आतील थर्माकोलात खोल कोरलेल्या वाटा आणि मागे हवा बाहेर पडण्यास मोकळी तोंडे, या तीन गोष्टी हेल्मेट हातात घेऊन, उलटे करून, बोट घालून तपासाव्यात. आतली पाळ भोक झाकीत असेल, तर ते भोक केवळ शोभेचे समजावे. रंग शक्यतो पांढरा घ्यावा. पुढील काच चुंबकाने चिकटणारी असेल तर ती चढावर काढून उलटी बसविता येते का, हे पाहावे. बसत नसेल, तर दमट हवेत तिच्यावर धुके धरते आणि मग रस्ता अंदाजाने पाहावा लागतो.

एवढे सगळे झाल्यावर हेल्मेटाच्या मूळ कर्तव्याची आठवण करावी लागते, हे थोडे विचित्रच. पूर्वी वेगासाठी वापरली जाणारी कित्येक शिरस्त्राणे म्हणजे वाऱ्यापुरती पातळ टोपणे असत, आघातापासून त्यांचे संरक्षण जवळजवळ शून्य. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव बिनहेल्मेटाचा पडून मरण पावला, तेव्हा कोठे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याच वर्षी शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. आज बाजारातील प्रतिष्ठित एअरो हेल्मेटास युरोपचे ईएन १०७८ किंवा अमेरिकेचे सीपीएससी हे प्रमाणपत्र असते. पहिल्याच्या कसोटीत हेल्मेट सुमारे दीड मीटरांवरून आणि दुसऱ्याच्या कसोटीत दोन मीटरांवरून सपाट लोखंडावर आपटतात. प्रमाणपत्राची चिकटपट्टी आतल्या बाजूस असते. ती नसेल, तर किंमत कितीही कमी असो, वस्तू नामंजूर करावी. स्पर्धेच्या पंचांसही तीच पट्टी दाखवावी लागण्याची शक्यता असते. डोके तिरपे आपटले असता मेंदूस बसणारा पीळ कमी करण्यासाठी आत सरकणारा पातळ थर बसविण्याची ‘मिप्स’ ही स्वीडनमधील तजवीज आता एअरो हेल्मेटांतही येते. दोन हेल्मेटे बाकी सर्व बाबतींत सारखी असतील, तर ती असलेले घ्यावे. जुने हेल्मेट मात्र ओळखीच्या माणसाकडूनही घेऊ नये: आतील थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि वरून कवच नवे कोरे दिसत असताना आत त्याचे काम संपलेले असू शकते.

बारीकसारीक गोष्टींपैकी पट्ट्याची गोष्ट मी सर्वांत वर मानतो. पाण्यातून बाहेर पडलेला स्पर्धक सायकलीपाशी येतो तेव्हा त्याची बोटे सुरकुतलेली व थरथरती असतात, छातीचा भाता चालू असतो. आणि नियम असा आहे, की हेल्मेट डोक्यावर ठेवून हनुवटीखालचा पट्टा लावल्यावाचून सायकल स्टँडवरून हलवावयाची नाही, आणि परत आल्यावर सायकल जागेवर ठेवल्यावाचून तो सोडावयाचा नाही. अशा वेळी घट्ट कान झाकणारे हेल्मेट कानाच्या पाळ्या दुमडून टाकते, गॉगलच्या काड्या त्यात अडकतात, आणि वाऱ्यातून मिळवावयाचे सेकंद उभ्या उभ्या सांडतात. चुंबकाच्या बकलाचा पट्टा ओल्या बोटांना सोयीचा पडतो. लांब केसांच्या स्त्रियांनी तर शर्यतीस ज्या तऱ्हेने केस बांधणार, त्याच तऱ्हेने बांधून दुकानात जावे. अंबाड्यावर बसविलेले हेल्मेट कपाळावर येते, आणि खाली सोडलेली वेणी मागच्या आवळचक्रीस जागेवर बसू देत नाही. डोक्याचा घेर तर सर्वच मोजतात, पण डोके गोल की लांबट याकडे कोणी पाहत नाही. परदेशी साच्यातील हेल्मेट पुष्कळदा कपाळावर व मागे सैल आणि दोन्ही कानांवर आवळ बसते, आणि तो आवळपणा दुकानात पाच मिनिटांत कळत नाही, तासाभराने कळतो.

खर्चाचे म्हणाल, तर चांगले एअरो हेल्मेट दहा-वीस हजारांच्या पुढे जाते, आणि त्या पैशाला आणखी हक्कदार आहेत. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चांगले टायर, आणि जाणकाराकडून सायकलवरची बैठक बसवून घेणे, यांचा हक्क हेल्मेटाआधीचा आहे. फडफडणारा सदरा घालून डोक्यावर तीस हजारांचे कवच चढविणाऱ्यास वारा हसतो. ज्यांच्या सायकलीस शक्तिमापक बसविला आहे, त्यांनी दोन हेल्मेटांची तुलना स्वतःच करावी. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याचा एखादा कमी वर्दळीचा तुकडा निवडावा, पहाटे वारा पडलेला असताना त्यावर जाऊन-येऊन त्याच कपड्यांत, त्याच बैठकीत, आळीपाळीने दोन्ही हेल्मेटे घालून फेऱ्या माराव्या, आणि शक्ती व वेग यांची नोंद ठेवावी. एका फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ फेऱ्यांतही जर फरक दिसेनासा झाला, तर त्या डोक्यासाठी तो फरक नाही असे समजून पैसे राखावेत.

निवडलेले हेल्मेट शर्यतीच्या दिवशीच प्रथम घालणे हा मात्र शुद्ध वेडेपणा होय. शहापूर-मुरबाडच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशीकडे झुकला असताना, त्याच किन्हवलीच्या रस्त्यावर ते तासन् तास वापरून पाहावे, म्हणजे गोव्याची सकाळ त्यापुढे मवाळ वाटेल. कसारा घाटात मात्र ते नेऊ नये: चढताना त्याचा उपयोग सहा-सात वॅटच्या हिशेबात मावतो, आणि उतरताना कान झाकलेले असले, तर पाठीमागून ब्रेक तापवीत येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येण्यास उशीर होतो. तेथे भोकाभोकांचे, उघड्या कानांचे, साधे हेल्मेट घालावे.